शिलेखाना पाहताना: जुन्या तलवारी आणि शस्त्रं कशी बघायची

भिंतभर तलवारी ओळीनं टांगलेल्या असतात. पहिल्या चार-पाच मन लावून बघितल्या जातात, मग सगळ्या सारख्याच वाटू लागतात आणि पाय आपोआप दाराकडे वळतात. यात बघणाऱ्याचा फारसा दोष नाही. तलवारीत काय शोधायचं हे कुणी सांगितलेलं नसतं आणि पाटी ‘तलवार, पोलाद, १८ वं शतक’ एवढ्यावर थांबते. तलवारीचे भाग मनातल्या मनात सुटे करून बघायची सवय लागली, की एकीसमोर दहा मिनिटं कशी गेली ते कळत नाही. शिलेखाना म्हणजे शस्त्रागार; इथली सगळी माहिती भारतीय शस्त्रांच्या दालनाला धरून आहे.

निघण्याआधी

कुठे काय पाहायला मिळेल हे आधी ठरवा, कारण प्रत्येक संग्रहाचा स्वभाव वेगळा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुघल वळणाची शस्त्रं आणि चिलखतं चांगली आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दरबारी थाटापेक्षा वापरातली हत्यारं बघण्यात जास्त मजा आहे. हैदराबादच्या सालारजंगमध्ये जेडच्या मुठी आणि सोन्याचं जडावकाम आहे. जोधपूरचा मेहरानगड, जयपूरचा सिटी पॅलेस आणि बिकानेरचा जुनागड ही राजघराण्यांची स्वतःची शस्त्रागारं, त्यामुळे तिथल्या वस्तूंवर शिलेखान्याच्या नोंदी सापडतात. चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात तंजावरच्या शस्त्रागारातून आलेली हत्यारं आहेत. दक्षिणी कट्यारी बघायच्या तर तिथे.

सुट्टीचा दिवस तपासा. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी. पण खरा प्रश्न फोन करून विचारायचा तो हा: ‘शस्त्रदालन उघडं आहे का, आणि अमुक वस्तू सध्या तिथेच आहे का?’ संग्रहालय उघडं आणि नेमकं ते दालन दुरुस्तीसाठी बंद, असं वारंवार होतं. वस्तूही फिरतीवर जातात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली ती तीन वर्षांच्या कराराने, आणि राज्यात एकाहून अधिक ठिकाणी दाखवण्याच्या बोलीवर. अशी वस्तू आज कुठे आहे हे जुन्या बातमीवरून ठरवू नका.

वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उघडल्याउघडल्या गाठा. शाळांच्या सहली साधारण अकरानंतर येतात.

सोबत काय घ्यायचं: पेन्सिल आणि छोटी वही (काही ठिकाणी पेन चालत नाही), वाचायचा चष्मा, आणि जमल्यास आठपटीची लहान दुर्बीण. दुर्बीण घेताना ती किती जवळचं स्पष्ट दाखवते ते बघा. दोन मीटर किंवा त्याहून कमी अंतरावर फोकस होणारी हवी. पक्षी बघायच्या बऱ्याच दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आत धूसर दाखवतात, म्हणजे इथे कुचकामी. कपडे गडद आणि शक्यतो पूर्ण बाह्यांचे घाला. ही हौस नाही. पांढरा शर्ट समोरच्या काचेत चंद्रासारखा उमटतो आणि त्याच्याआडची तलवार दिसत नाही.

पहिली फेरी न वाचता

दालनात शिरल्यावर पंधरा मिनिटं एकही पाटी वाचू नका. नुसता फेरफटका मारा आणि कुठल्या दहा-बारा वस्तूंकडे परत यायचं ते वहीत कपाट क्रमांकासह टिपा. दोनशे वस्तू बघायच्या ठरवल्या तर एकही बघून होत नाही. पाटी आधी वाचली, की डोळे पाटीत लिहिलेलंच शोधतात, हा दुसरा तोटा. त्या दहा-बारा वस्तूंना दीड तास द्या. त्यानंतर नजर थकते. मग बाहेर बसा, पाणी प्या, उरलेलं नंतर.

मूठ वेगळी, पातं वेगळं

हे एक कळलं की अर्धं दालन उलगडतं. भारतीय तलवारीच्या पात्याचा मुठीत जाणारा शेपटासारखा भाग बहुधा आखूड असतो. पोकळ धातूच्या मुठीत वितळवलेली लाख किंवा राळेचं मिश्रण भरायचं, पात्याचं शेपूट तापवून त्यात खुपसायचं आणि थंड होऊ द्यायचं, अशी जोडणी. पुन्हा तापवलं की मूठ सुटते. त्यामुळे पाती आणि मुठी यांची अदलाबदल सर्रास चालायची. आजोबांचं पातं नातवाच्या आवडीच्या मुठीत बसायचं, लुटीत आलेलं पातं नव्या मालकाच्या मुठीत. मूठ अठराव्या शतकातली म्हणून पातंही तेव्हाचंच, असं धरून चालायचं नाही. पाटीवर एकच काळ दिलेला असला तर तो कुठल्या भागाचा हा प्रश्न स्वतःला विचारा. बऱ्याचदा तो मुठीचा असतो.

जोड नवा की जुना हे काचेबाहेरून किती कळतं? बरंच. मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे दुर्बीण लावा. काळपट, काचेसारखी चमकणारी बारीक रेघ दिसली तर ती लाख. पातं मुठीच्या खाचेपेक्षा अरुंद असेल आणि बाजूची फट कशानं तरी भरलेली असेल, तर ती जोडी मूळची नाही असा संशय घ्यायला जागा आहे. पात्यावर जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोकं असतील तर त्याला आधी दुसऱ्या प्रकारची मूठ होती. मुठीवरचा गंज दाट काळा आणि पातं नुकतं घासल्यासारखं पांढरं, ही विसंगतीही टिपून ठेवा. फक्त त्यावरून निकाल देऊ नका, कारण कुणीतरी पातंच तेवढं घासलेलं असू शकतं.

आता मुठीचे दोन मोठे प्रकार. सर्वांत जास्त दिसते ती तलवारीची नेहमीची मूठ: वर गोल चकती किंवा वाटी, मध्ये फुगीर पकड, खाली दोन्ही बाजूंना आखूड आडव्या भुजा. बोटांवरून वळत येणारी पट्टी म्हणजे परज. ती प्रत्येक मुठीला असतेच असं नाही. (तलवार परजणे हा वाक्प्रचार आपल्या तोंडात इतका बसलाय, की परज ही दाखवता येण्यासारखी वस्तू आहे हे विसरायला होतं.) ही मूठ बघून जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘पूर्वीच्या लोकांचे हात किती लहान होते!’ हात लहान नव्हते. तर्जनी आडव्या भुजेच्या पुढून वळवून धरायची पद्धत होती, म्हणून पकडीत तीनच बोटं मावली तरी भागायचं. त्याच कारणानं बऱ्याच पात्यांची मुठीजवळची दोन-तीन बोटं जागा बोथट ठेवलेली असते. ती बोथट जागा शोधा, सापडते. वरची चकती मनगटाला अडते आणि हात फार पुढे मोडू देत नाही. वार मनगटाच्या झटक्याऐवजी खांद्यातून, ओढून कापणारा होतो. पात्याचा बाक आणि मुठीची चकती एकाच कामासाठी आहेत.

दुसरी मूठ खंडा, धोप आणि फिरंग या सरळसर पात्याच्या लांब तलवारींना दिसते. रुंद पत्र्याचा हातरक्षक, आतून गादी, आणि वरच्या चकतीतून पुढे आलेला लांब काटा. काट्याचा उपयोग दुसऱ्या हाताने धरून दुहाती वार करायला व्हायचा. मुठीतून निघून पात्यावर लांबवर जाणाऱ्या पोलादी पट्ट्या दिसतील. त्या पातळ पात्याला ताठ ठेवतात आणि खिळ्यांनी पक्क्या केलेल्या असतात. आतली गादी टिकलेली असेल तर ती जरूर बघा. घामानं काळवंडलेलं कापड आणि उसवलेला टाका यांतून वापर जितका कळतो तितका सोन्याच्या कामातून कळत नाही.

फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं किंवा त्या धर्तीचं सरळ पातं. जर्मनीतलं झोलिंगेन हे अशा पात्यांचं मोठं केंद्र. इटली आणि स्पेनमधूनही ती यायची. ओळखायच्या खुणा: सरळ किंवा अगदी किंचित बाक, पात्याच्या सुरुवातीच्या भागात एक ते तीन अरुंद समांतर खोबणी, खोबणीत ठोकलेली रोमन अक्षरं, पळत्या लांडग्याची चार रेघांत काढलेली आकृती, किंवा पापण्यांच्या केसांसारखे दात असलेल्या दोन कमानी. पण सावध राहा. या खुणांना बाजारात किंमत होती, म्हणून आपल्याकडच्या कारागिरांनीही त्या उतरवल्या. अक्षरांचा क्रम निरर्थक, एखादं अक्षर उलटं, ठसे वेड्यावाकड्या खोलीचे, असं दिसलं तर पातं बहुधा इथलंच.

मूठ, पातं आणि मालक यांची गुंतागुंत एका वस्तूत बघायची तर नागपूरकर भोसल्यांची तलवार घ्या. महाराष्ट्र शासनानं ती २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. पातं युरोपीय बनावटीचं, मूठ इथल्या वळणाची आणि सोन्याचं काम केलेली, पात्यावर सोन्यात देवनागरी मजकूर, आणि त्या मजकुरात रघुजी भोसले, सेनासाहेबसुभा या नावा-किताबासोबत ‘फिरंग’ हा शब्द. पातं कुठल्या जातीचं हे मालकानं अभिमानानं लिहवून घेतलं होतं. परदेशी माल लपवायची गरज कुणाला वाटत नव्हती.

पात्यावरच्या खोबणीबद्दल एक खुळचट समज दालनात हमखास कानावर येतो: रक्त वाहून जावं म्हणून ती केली. तसं काही नाही. खोबणीमुळे पात्याचं वजन उतरतं आणि ताठपणा जवळजवळ तेवढाच राहतो. वजनाच्या गप्पांचंही तसंच. लढाईतली तलवार साधारण एक किलोच्या आसपास असते, लांब खंडा-फिरंग त्याहून थोडी जड. वीस किंवा चाळीस किलोंच्या तलवारी कीर्तनात शोभतात. तेवढं लोखंड कुणीही अर्धा तास फिरवू शकत नाही.

पाणी आणि जौहर

मराठीत ‘पाणीदार पातं’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करणं. जौहर म्हणजे पोलादाच्या अंगातच असलेली लाटांसारखी, वाळूवरच्या पाण्याच्या खुणांसारखी नक्षी. ती येते मुशीत वितळवून सावकाश थंड केलेल्या, दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादातून. तेलंगणातलं कोनासमुद्रम या पोलादासाठी ओळखलं जायचं. लोखंड आणि कार्बनचे कडक कण घडणावळीत ओळी धरतात. पृष्ठभागाला सौम्य आम्ल लावलं, की मऊ भाग काळवंडतो आणि कडक ओळी पांढऱ्या उठून दिसतात. या ओळी नीट जुळायला पोलादात व्हॅनेडियमसारखा एखादा धातू अत्यल्प प्रमाणात असावा लागतो, म्हणून कुठल्याही खाणीच्या लोखंडातून जौहर निघत नसे.

काचेआडून जौहर बघायचा एक हुकमी मार्ग आहे. पात्यावर दिव्याचा जो झगझगीत पट्टा पडतो त्यात बघू नका, आणि अगदी काळ्या भागातही नको. उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर नजर ठेवा आणि डोकं हळूहळू चार-पाच बोटं डावी-उजवीकडे, मग वर-खाली न्या. सीमा सरकते आणि तिच्याबरोबर नक्षी उमटत जाते. गुडघे वाकवून खालून बघितल्यानंही पुष्कळदा काम होतं. मोबाइलचा दिवा लावायचा मोह होईल; रखवालदाराला विचारल्याशिवाय लावू नका, आणि लावलाच तर समोरून नाही, पात्याला जवळजवळ समांतर, बाजूनं.

पाटीवर ‘जौहरदार’ आणि समोर आरशासारखं कोरं पातं, असं दिसलं तर पाटी खोटीच असेल असं नाही. कुणीतरी कधीतरी पॉलिश करून वरची नक्षी पुसून टाकलेली असते; पोलाद तेच असतं.

तीन नक्ष्या जौहर ओळखताना गोंधळात पाडतात, त्यांतला फरक ओळखा. थरांचं पोलाद म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, घडी घालून ठोकलेलं पातं. त्याची नक्षी मोठी, ठळक आणि ठरावीक अंतरानं परत परत येणारी असते. जौहर बारीक आणि अनियमित. दुसरी, शिडीसारखे आडवे पट्टे असलेली नक्षी. हा जौहराचाच प्रकार: पात्यावर आडव्या खाचा घेऊन ते पुन्हा सपाट ठोकलं, की ओळी तिथे वाकून पायऱ्या दिसतात. फारसीत त्याला चाळीस पायऱ्या म्हणतात, पण पायऱ्या मोजून चाळीस भरतीलच असं नाही. तिसरी आम्लानं वरवर चितारलेली नकली नक्षी. ती खोबणीजवळ आली तरी बदलत नाही, दोन्ही बाजूंना जुळी असते आणि धारेपाशी कापल्यासारखी संपते. खरा जौहर खोबणीच्या काठाला वळतो, दाटतो, धारेपर्यंत पातळ होत जातो.

सोन्याचं कामही दोन तऱ्हांचं. कोफ्तगिरीत पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओरखडून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं झिजलं की खाली कानशीनं घासल्यासारखी जाळी उघडी पडते. मुठीच्या चकतीची कड बघा. हात सगळ्यांत जास्त तिथे लागतो, म्हणून जाळी पहिल्यांदा तिथेच दिसते. तहनिशानमध्ये नक्षीचा चर खोदून सोनं त्यात बसवलेलं असतं. ते निघून गेलं की रिकामी नाली उरते. सोनं गेलंय आणि खाली जाळीही नाही, चरही नाही, तर तो नुसता मुलामा.

अक्षरं आणि आकडे

लेख सहसा मुठीलगत पात्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असतो, क्वचित मागच्या बोथट कडेवर. ती पाठीची कड बघायला बहुतेक जण विसरतात. राजस्थानी शस्त्रागारांच्या, खास करून बिकानेरच्या वस्तूंवर छिन्नीच्या टिंबाटिंबांनी देवनागरीत लिहिलेल्या नोंदी सापडतात. नक्षीपुढे त्या गबाळ्या वाटतात, पण वस्तू कुठल्या कोठारात होती याचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा.

फारसी आकडे वाचणं अवघड नाही. उभी रेघ म्हणजे एक, टिंब म्हणजे शून्य, वर उघडा कोन म्हणजे सात, उलटा कोन म्हणजे आठ. लिपी उजवीकडून वाचायची असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून. हिजरी साल ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवा: ११०० हिजरी म्हणजे साधारण इसवी सन १६८९. विक्रम संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा. एका वर्षाचा इकडेतिकडे फरक राहतो, तो चालवून घ्यायचा.

चार घरांचा लहानसा चौकोन आणि त्यात दोन, चार, सहा, आठ हे आकडे दिसले तर ते साल नव्हे. तो ‘बदूह’ नावाचा रक्षायंत्राचा चौकोन आहे. आणि ‘असदुल्ला इस्फहानी’ हे नाव वाचून हरखून जाऊ नका. त्या एका कारागिराच्या नावाची पाती त्याच्या आयुष्यात मावणार नाहीत इतकी आहेत. ते नाव पुढे उत्तम पोलादाची मोहोर म्हणून वापरलं गेलं.

तलवारी सोडून

कट्यारीची मूठ म्हणजे दोन उभ्या दांड्यांमध्ये आडव्या पकडी. मुठीत धरून ठोसा मारावा तशी खुपसायची. टोक बघा: चांगल्या कट्यारीचं टोक जाड होत गेलेलं असतं, कारण चिलखताच्या कड्या फोडायला पातळ टोक वाकतं. काही कट्यारींची पाती अरुंद, खोबणी असलेली आणि खिळ्यांनी जोडलेली दिसतील. ती तुटलेल्या फिरंगांची, वाया न घालवता कामी आणलेली.

ढाल पुढून सगळे बघतात. मागून दिसत असेल तर आधी मागून बघा. पुढच्या चार फुल्या (धातूचे फुगीर गोल) शोभेच्या वाटतात, पण मागच्या हातानं धरायच्या कड्या त्यांनाच आवळलेल्या असतात. मागे गादी असते, वार अडवताना हाताची बोटं ठेचू नयेत म्हणून. गेंड्याच्या कातड्याची उत्तम ढाल मागून उजेड आला तर मधासारखी किंचित पारदर्शक दिसते.

चिलखताच्या कड्यांना दुर्बीण लावा. प्रत्येक कडीवर खिळ्याचं बारीक डोकं दिसलं तर ती लढाईत टिकणारी. कडीची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतील तर चिलखत बहुधा उशिराचं, मिरवणुकीचं. लोखंडी आणि पितळी कड्यांची नक्षी छान दिसते. तीही बरीचशी दिखाव्याचीच.

तोड्याच्या (जळत्या वातीनं उडणाऱ्या) बंदुकीत एकच गोष्ट शोधा: रंजक (आधी पेट घेणारी दारू) भरायची बारीक वाटी आणि तिच्याशेजारी नळीला पाडलेलं भोक. भोकाभोवतालचं पोलाद खाल्लेलं, खड्ड्यांचं असेल तर बंदूक भरपूर चाललेली आहे. चकमकीच्या बंदुका आल्या तरी इथे तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. घडायला सोपा, दुरुस्तीला स्वस्त आणि गारगोटीची वाट बघायला नको.

दांडपट्टा दिसला तर कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी हातमोज्याच्या आत डोकवा. आडवी पकड दिसेल. मनगट मोकळं नाही. फिरतो तो अख्खा हात.

पाटी कशी वाचायची

‘अमुक महाराजांची तलवार’, ‘परंपरेने अमुक महाराजांची मानली जाणारी’ आणि ‘अमुक शैलीतील’ ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला कागद किंवा लेखाचा आधार हवा. दुसऱ्यात घराण्याची किंवा देणाऱ्याची सांगी आहे. तिसऱ्यात मालकाबद्दल काहीच म्हटलेलं नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं जेम्स ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याला साताऱ्यात रेसिडेंट (कंपनी सरकारचा प्रतिनिधी) असताना मिळाली, एवढी साखळी लागते. ती अफझलखानावर चालवलेलीच का, हे पडताळता येत नाही असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. अशी पाटी वाचून हिरमुसू नका. खरं बोलणारी पाटी दुर्मीळ असते.

जुन्या पाट्यांवर कुठलीही सरळ तलवार ‘खंडा’ आणि कुठलाही खंजीर ‘कट्यार’ झालेला आढळतो. म्यानांकडेही संशयानं बघा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे खरं, पण एका तलवारीला आयुष्यात तीन म्यानं सहज होतात. तोंडाशी मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ या धातूच्या टोप्या जुन्या, मधलं मखमल नवं, हे नेहमीचंच.

फोटो

फोटोला परवानगी आणि शुल्क तिकिटाच्या खिडकीवरच विचारा. फ्लॅश कुठेच नको. परवानगी असली तरी पात्यावर पांढरा डाग पडण्यापलीकडे काही मिळत नाही. चमकत्या पात्यासाठी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा, नाहीतर नक्षी जळते. कॅमेऱ्याला पोलरायझर लावला तर काचेतलं प्रतिबिंब जातं, पण सरळ समोर उभं राहून नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करून, तिरपे उभे राहा आणि फिल्टर फिरवत जा. खुद्द पोलादाची चमक पोलरायझरनं जात नाही आणि उजेड एक-दोन स्टॉप कमी होतो, तेव्हा हात स्थिर हवा. मोबाइलवाल्यांनी काळी ओढणी किंवा जॅकेट लेन्सभोवती धरलं तरी पुष्कळ फरक पडतो. काचेला लेन्स टेकवू नका. कपाटांना गजर असतात. प्रत्येक वस्तूचा फोटो काढला की लगेच तिच्या पाटीचा काढा. संध्याकाळी घरी चाळीस मुठी ओळखत बसायची वेळ येत नाही.

गंज, पॉलिश आणि हात का लावायचा नाही

घामात मीठ असतं. बोटाचा ठसा पोलादावर राहिला तर काही दिवसांत त्या रेघांसकट गंज चढतो. उघड्यावर मांडलेल्या तोफांच्या नळ्यांवर हात फिरवायची सवयही म्हणूनच वाईट.

दाट, तपकिरी-काळा, गुळगुळीत थर म्हणजे निवांत झालेला गंज. तो पातं राखतो. नारिंगी भुकटी, किंवा पृष्ठभागावर थेंबांसारखे फुगवटे दिसले तर गंज चालू आहे. कपाटात कोपऱ्यात सिलिका जेलची तबकडी असते. निळे खडे गुलाबी झाले असतील तर त्यांनी ओल धरली आहे, बदलायला हवेत. पोलादाला कोरडी हवा लागते, चामडं-लाकूड-हस्तिदंताला थोडी दमट. दोन्ही एकाच तलवारीत असल्यानं संग्रहालयाला मध्यम मार्ग काढावा लागतो. म्यान आणि पातं वेगवेगळं मांडतात तेही याच कारणानं: म्यानातलं लाकूड-चामडं ओल धरून ठेवतं आणि पातं आतून कुजतं.

एकाच दिशेनं गेलेले पॉलिश पेपरचे ओरखडे आणि कडा गोल झालेली अक्षरं म्हणजे कुणीतरी उत्साहानं ‘स्वच्छ’ केलेली वस्तू. हे नुकसान भरून येत नाही.

हातात घेऊन पाहायचं असेल तर

अभ्यासासाठी साठ्यातल्या वस्तू दाखवतात, पण आधी अर्ज लागतो. संग्रहपालांना महिनाभर आधी लिहा: कोण, कशासाठी, आणि नेमक्या कुठल्या नोंदणी क्रमांकाच्या वस्तू. ‘तुमच्या सगळ्या मराठा तलवारी बघायच्या आहेत’ या पत्राला उत्तर येत नाही. पाच क्रमांक दिलेत तर येतं.

त्या दिवशी अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा. नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोजे घसरतात आणि पात्याच्या कुसळांत अडकतात. दोन्ही हात वापरा, फोमच्या गादीवरच ठेवा. तलवार म्यानातून स्वतः काढू नका. कर्मचारी काढतात तेव्हाही बघा: धार वर, आणि म्यान धरलेली बोटं मागच्या बोथट कडेच्या बाजूला. कुजलेल्या म्यानातून पातं आरपार येऊन बोटं कापली जातात, ती धारेच्या बाजूनं मूठ आवळल्यावर.

मापं या क्रमानं घ्या: एकूण लांबी, मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत पात्याची लांबी, मुठीजवळ रुंदी, पाठीची जाडी तीन ठिकाणी (मुठीशी, मध्यावर, टोकाच्या अलीकडे), बाकाची सर्वांत जास्त खोली, वजन, आणि मुठीपासून तोल किती अंतरावर पडतो ते. जाडीची तीन मापं सोडू नका. मुठीशी पाच-सहा मिलिमीटर असलेली पाठ टोकाकडे निम्म्याहून बारीक होत असेल तर पातं लोहारानं विचार करून घडवलेलं आहे. सगळीकडे सारखी जाडी असेल तर ते भिंतीसाठी केलेलं असण्याचा संभव जास्त.

वहीतल्या प्रत्येक नोंदीवर वस्तूचा नोंदणी क्रमांक घाला. ‘तिसऱ्या कपाटात डावीकडून दुसरी’ असं लिहून ठेवलं, तर मांडणी बदलल्यावर ती नोंद कुठल्या तलवारीची हे तुम्हालाही सांगता येणार नाही. नारिंगी भुकटी दिसलेली वस्तू असेल तर तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून निघताना कार्यालयात द्या.